कामाला सूर्यास्त असावा

(पिंपरी-चिंचवड परिसरातील लघुउद्योजक, व्यवस्थापक आणि पर्यवेक्षक यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



उत्पादकता, गुणवत्ता आणि निर्यात या विषयांवरील सत्रे झाल्यानंतर ‘कर्मचाऱ्यांचे मनःस्वास्थ्य’ हा विषय काहीसा मऊ, सवडीने पाहण्याजोगा वाटण्याचा संभव आहे. माझे म्हणणे असे की, आधीच्या तिन्ही विषयांचा पाया येथेच आहे. आपल्या प्रत्येकाच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. वंगण केव्हा घालायचे, कोणता भाग किती तासांनी बदलायचा, हे सारे त्यात ठरलेले असते. ते चुकले की यंत्र बंद पडते आणि झालेले नुकसान रुपयांत मोजता येते. त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या, किंवा वरच्या मजल्यावर संगणकासमोर बसलेल्या माणसाच्या देखभालीचे वेळापत्रक मात्र कोणत्याच भिंतीवर नसते.

सप्टेंबर २०२४ मध्ये एका मातेचे पत्र देशभर वाचले गेले. पुण्यातील एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत तिची सनदी लेखापाल झालेली तरुण मुलगी नोकरीस लागली होती आणि अवघ्या चार महिन्यांत ती हे जग सोडून गेली. कामाचा असह्य भार, रात्री-अपरात्री येणारे निरोप आणि हरवलेली झोप यांविषयी त्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिले होते. मृत्यूच्या वैद्यकीय कारणाचा निवाडा करण्याचा अधिकार आपला नाही. परंतु ते पत्र वाचताना असंख्य घरांतील आईवडिलांच्या डोळ्यांसमोर स्वतःची मुले उभी राहिली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ज्या नोकरीसाठी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविले, त्या नोकरीत मूल सुखी आहे का, असा प्रश्न मध्यमवर्गीय घरात आज उघडपणे विचारला जाऊ लागला आहे.

लोखंडे यांच्या मागण्या

हा प्रश्न पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला आहे, असे काहींना वाटते. महाराष्ट्राचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. त्यात बालकामगारांच्या तासांवर मर्यादा आली. प्रौढांच्या तासांवर कोणतीही नाही. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, आठवड्याचे सातही दिवस काम चाले. अशा वेळी, १८८४ साली, महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. आणि कामावर दुखापत झाल्यास कामगाराकडे पाहिले जावे, असे त्या मागण्यांचे स्वरूप होते. १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण सारे जी सुट्टी गृहीत धरतो, ती अशी संघर्षाने आलेली आहे.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कामाच्या तासांचा प्रश्न लावून धरला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच मर्यादा कायम केली.

लोखंडे यांच्या मागण्यांतील सूर्यास्ताच्या मागणीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. काम किती असावे, याबरोबरच काम कोठे संपावे, हेही त्या मागणीत होते. गिरणीचा भोंगा वाजला की कामगाराचा देह आणि मन, दोन्ही गिरणीबाहेर पडत. आजच्या कर्मचाऱ्याच्या खिशात जो भ्रमणध्वनी आहे, त्याला भोंगा नाही. साहेबाचा निरोप रात्री अकराला येतो. उत्तर दिले नाही तर सकाळी विचारणा होते. दिले तर झोप उडते. विजेच्या दिव्याने गिरणीतील सूर्यास्त पुसला होता. या यंत्राने तो घरातूनही पुसला.

मन करपते म्हणजे काय?

थकवा आणि मनाचे करपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कष्टाने आलेला शीण रात्रीच्या झोपेने उतरतो. काही माणसांचा शीण मात्र रविवारनंतरही उतरत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेसाठी ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तिची तीन लक्षणे सांगितली आहेत : शक्ती पार आटल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी जाणीव. त्या वर्गीकरणात या अवस्थेला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न हाताळलेला ताण, अशी तिची व्याख्या केली आहे. म्हणजे तिचे मूळ शोधायचे ते कामाच्या रचनेत. कर्मचाऱ्याला ‘तू मनाने कणखर हो’ असा उपदेश करून आपली सुटका होत नाही.

कामाच्या तासांचा शरीरावर होणारा परिणामही आता मोजला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. एकट्या २०१६ या वर्षी जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू अशा प्रदीर्घ कामाशी निगडित होते. जपानी भाषेत अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असा स्वतंत्र शब्द आहे. कष्टाळूपणाचा आदर्श म्हणून आपण ज्या राष्ट्राकडे पाहतो, त्या राष्ट्राला २०१४ साली हे मृत्यू टाळण्यासाठी खास कायदा करावा लागला.

तासांपलीकडचा प्रश्न

तरीही सारा दोष तासांवर टाकणे बरोबर होणार नाही. इथे उपस्थित असलेल्यांपैकी कितीतरी उद्योजक स्वतः बारा-चौदा तास काम करतात आणि म्हणतात, ‘आम्हाला कोठे ताण येतो?’ या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याचे कारणही ठाऊक आहे.

ब्रिटनच्या सरकारी कचेऱ्यांतील हजारो कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ नावाने प्रसिद्ध असलेला अभ्यास १९६७ साली सुरू झाला. मोठी जबाबदारी वाहणारे वरिष्ठ अधिकारी हृदयविकाराचे बळी अधिक प्रमाणात ठरत असतील, असा सर्वसाधारण समज होता. आढळले ते उलटेच. शिपाई आणि कारकून यांच्यातील मृत्युदर वरिष्ठांहून पुष्कळ अधिक होता. आणि धूम्रपानासारख्या सवयी हिशेबात घेऊनही सारा फरक उलगडत नव्हता. सर मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यातून एक सूत्र हाती आले : आपल्या कामावर ज्याची सत्ता कमी, त्याच्या हृदयाला धोका अधिक. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ मध्येच असे मांडले होते की, कामाची मागणी भरपूर आणि निर्णयाचा अधिकार अत्यल्प, हा संयोग सर्वांत घातक असतो.

उद्योजक रात्री जागतो तेव्हा तो स्वतःच्या निर्णयाने जागतो आणि त्या जागण्याचे फळही त्याच्या हाती असते. त्याच्या पर्यवेक्षकाला मात्र वरून उत्पादनाचा आकडा येतो, माणसे किती मिळणार हे दुसरा कोणी ठरवितो, आणि आकडा चुकला की बोलणी तो खातो. वाहन उद्योगाची साखळी आपल्या परिचयाची आहे. मोठ्या कंपनीची जुळणी थांबू नये म्हणून पुरवठादाराची रात्र होते. पुरवठादाराचा ताण व्यवस्थापकाकडे, व्यवस्थापकाचा पर्यवेक्षकाकडे आणि पर्यवेक्षकाचा कंत्राटी कामगाराकडे उतरतो. प्रत्येक पायरीवर अधिकार कमी होतो आणि दडपण तेवढेच राहते. शेवटच्या पायरीवरचा माणूस ते घरी नेतो. तेथे ते बायकोवर, मुलांवर निघते किंवा बाटलीत बुडविले जाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने दैनंदिन कामाची कमाल मर्यादा कारखान्यांसाठी ९ तासांवरून १२ तास आणि दुकाने व आस्थापनांसाठी ९ वरून १० तास करण्यास मंजुरी दिली. कारखान्यांतील जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक धरली आहे. उद्योगाला लवचीकता हवी, हे मान्य. परंतु ज्याची नोकरी पुढच्या महिन्यात राहील की नाही याची शाश्वती नाही, अशा माणसाने दिलेल्या संमतीचे मोल काय, याचा विचार कायद्यापेक्षा आपल्या सदसद्विवेकबुद्धीनेच करावयाचा आहे.

घरातील दुसरी पाळी

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट तीव्र होतो. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याच्या घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात. पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे कार्यालयातून सुटलेल्या स्त्रीची दुसरी पाळी घराच्या उंबरठ्यावर सुरू होते. सायंकाळी सहाला मुद्दाम ठेवलेली बैठक पुरुषाला गैरसोयीची वाटते. पाळणाघर सातला बंद होणाऱ्या मातेला ती शिक्षा असते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. त्या पाळणाघराकडे खर्च म्हणून पाहायचे की अनुभवी स्त्री कर्मचारी टिकविण्याचे साधन म्हणून, हे आपण ठरवावयाचे आहे.

कुटुंबसंस्थेचा आपण सारे अभिमान बाळगतो. मुले संस्कारांपासून दूर चालली, घरात संवाद उरला नाही, अशी खंत आपल्याच व्यासपीठांवरून वारंवार व्यक्त होते. परंतु बाप रात्री दहाला घरी येत असेल आणि जेवतानाही त्याचा एक डोळा पडद्यावर असेल, तर संवाद करायचा कोणी आणि केव्हा? कुटुंबाची वीण सैल होण्याची काही कारणे आपल्याच हजेरीपत्रकांत सापडतील.

कर्मयोगाची ढाल

इथे एक आक्षेप हमखास येतो. राष्ट्र उभे करायचे तर त्याग हवा, तास मोजून चालणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले आणि देशभर वादंग झाला. त्यांच्या परिश्रमांविषयी आणि कर्तृत्वाविषयी आदर ठेवूनही त्यांचे हे मत तपासून घेतले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये संसदेत सादर झालेल्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालानेच या बाबतीत सावधगिरीचा इशारा दिला आहे. दिवसाला बारा किंवा अधिक तास टेबलापाशी काढणाऱ्यांचे मनःस्वास्थ्य ढासळलेले आढळते, असे तो एका अभ्यासाच्या आधारे सांगतो. आणि देशाच्या आर्थिक आकांक्षांचा संबंध तो तरुणांच्या जीवनशैलीशी जोडतो.

राहिला कर्मयोगाचा दाखला. ज्या गीतेचे नाव घेऊन अतिश्रमाचे समर्थन केले जाते, तिच्याच सहाव्या अध्यायात आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागरण या सर्वांत प्रमाण राखणाऱ्याचाच योग दुःखाचा परिहार करतो, असे सांगितले आहे. अति झोपणाऱ्याला तो साधत नाही, तसाच सतत जागणाऱ्यालाही नाही. आपल्या शेतकऱ्याने हे शास्त्र न वाचता जपले. पोळ्याच्या दिवशी तो बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही. आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-लोण्याने मळतो. बैलाचे खांदे कोठे दुखतात हे त्याला माहीत असते. आपल्या कर्मचाऱ्याचे खांदे कोठे दुखतात, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

‘आमची कंपनी म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य अनेक ठिकाणी ऐकू येते. १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी उद्योगाचा विचार परिवार म्हणूनच करीत. परंतु परिवारात वाटेकरी असतात. आजारपणात उशाशी बसणारे कोणी असते. जादा काम हवे तेव्हा कुटुंब आणि रजा मागितली की करार, असा व्यवहार असेल, तर तो शब्द न वापरलेलाच बरा.

आपल्या हाती काय आहे?

वर्षातून एकदा योगवर्ग आणि एक व्याख्यान आयोजित केले की कर्तव्य संपले, असा समज रूढ होत आहे. योगाचे सामर्थ्य मी जाणतो. पण ज्याला रोज चार तास झोप मिळते, त्याला प्राणायाम शिकविण्याआधी झोपू दिले पाहिजे. म्हणून काही साध्या, बिनखर्चाच्या किंवा अल्प खर्चाच्या गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, निरोपांना वेळेची सीमा घाला. फ्रान्सने जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा अधिकार मान्य केला. आपल्याकडेही २०१८ साली खासदार सुप्रिया सुळे यांनी या आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. रात्री सुचलेला विचार लिहून ठेवावा आणि सकाळी पाठवावा. खरी आणीबाणी असेल तर दूरध्वनी करावा. आणीबाणी म्हणजे काय, हे आधी लिहून ठरवावे.

दुसरी, नवे काम देताना जुने कोणते बाजूला ठेवायचे तेही सांगा. ‘सगळेच तातडीचे’ असे म्हणणारा वरिष्ठ निवड करण्याचे स्वतःचे काम कनिष्ठावर ढकलीत असतो.

तिसरी, पर्यवेक्षक निवडताना त्याचे यंत्रज्ञान पाहता, तशी त्याची जीभही पाहा. उत्तम कारागीर उत्तम नायक असतोच असे नाही. चारचौघांत, किंवा आता व्हॉट्सॲपच्या समूहात, केलेली पाणउताऱ्याची भाषा माणूस वर्षानुवर्षे विसरत नाही. चूक एकांतात सांगावी; कौतुक सर्वांसमोर करावे.

चौथी, पाळ्यांचा क्रम. सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट क्रमापेक्षा सोपा जातो. पाळ्यांचा तक्ता महिनाभर आधी लावला, तर माणूस घरचे लग्न, मुलांची परीक्षा, आईवडिलांचे औषधपाणी यांची आखणी करू शकतो. आपल्या वेळेवर आपली थोडी सत्ता असणे, हेच निम्मे औषध आहे.

पाचवी, रजा ही खरी रजा असू द्या. रजेवरच्या माणसाचे काम दुसऱ्याकडे सोपविले नाही, तर परतल्यावर तो दुप्पट ढिगाखाली सापडतो आणि पुढच्या वेळी रजाच घेत नाही. संशोधकांना असेही आढळले आहे की, कामाचा भार जेवढा अधिक, तेवढे मनाला कामापासून अलग होणे अवघड जाते. विश्रांतीची गरज ज्याला सर्वाधिक, त्यालाच ती साधत नाही. म्हणून ती देण्याची जबाबदारी वरिष्ठाची आहे.

सहावी गोष्ट सर्वांत नाजूक. हसतमुख माणूस अबोल झाला, नेहमीचा काटेकोर कारागीर चुका करू लागला, सोमवारच्या गैरहजेऱ्या वाढल्या, तर शिस्तभंगाची नोटीस काढण्यापूर्वी त्याला बाजूला बसवून विचारा. निदान करण्याचा प्रयत्न करू नका, उपदेशही नको. ऐकून घ्या आणि जे ऐकले ते स्वतःजवळ ठेवा. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. उपचाराची सोय नसणे हे त्याचे एक कारण आहे. लोक काय म्हणतील, ही लाज दुसरे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे. मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक सुरक्षेच्या फलकाशेजारी लावण्यास एका कागदाचा खर्च येईल. मनाच्या आजारासाठी मागितलेली रजा तापाच्या रजेइतक्याच सहजपणे मंजूर होऊ लागली, तर ती लाज पुष्कळ ओसरेल.

आणि उद्योजकांनो, हे सारे स्वतःलाही लागू करा. कर्जाचे हप्ते, थकलेली येणी आणि परत आलेला माल घेऊन आपणही घरी जाता. मालकच रात्री बारापर्यंत बसून राहिला, तर खालचा कोणीही सहाला उठण्याचे धाडस करणार नाही. संस्कृती सूचनाफलकावर लिहून येत नाही. वरचा माणूस कसा वागतो, त्यावरून ती खाली झिरपते.

लोखंडे यांच्या पिढीने गिरणी मालकांकडून सूर्यास्त मागून घेतला. आपण स्वतःच मालक आणि व्यवस्थापक आहोत. आपल्याला तो कोणाकडे मागण्याची गरज नाही, द्यावयाचा आहे. उद्या कामावर गेल्यावर एवढे एकच करावे : आपल्या हाताखालच्या माणसांचे काम किती वाजता संपते, याचा स्पष्ट आकडा कागदावर लिहावा आणि तो आपल्यापासून पाळण्यास सुरुवात करावी. त्या वेळी एखाद्या घरी बाप लवकर पोहोचेल, एखादी मुलगी आईशी चार शब्द बोलेल. राष्ट्रउभारणीच्या कामात या गोष्टींचीही गणना व्हावी, एवढीच विनंती करून मी थांबतो.